पोशेऱ्याच्या रिकाम्या खुर्च्या

राबियाच्या खुर्च्या आयुष्यात पहिल्यांदा बातमीत आल्या, आणि आल्या त्या रिकाम्या.

तशा त्या कुणाला अनोळखी नव्हत्या. लाल प्लास्टिकच्या, पाठीवर पांढऱ्या रंगात ‘राबिया मंडप, जव्हार’ असं ठसठशीत लिहिलेलं. त्या जिथे कधी कुणाच्या लग्नाला गेल्या नाहीत असा पाडा जव्हार-मोखाड्यात शोधून सापडला नसता. नवरा अब्दुल गेल्यावर हा धंदा राबियाने एकटीने ओढला होता, आणि पाठीवर नाव रंगवायची कल्पनाही तिचीच. खुर्च्या हरवू नयेत, दुसऱ्या मंडपवाल्याच्या गाडीत चढू नयेत, एवढाच त्यामागचा हेतू. आपलं नाव असं गाजेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

झालं ते असं. पोशेऱ्याची सुनिता पंचायत समितीच्या निवडणुकीला उभी राहिली होती. पक्ष नाही, पैसा नाही, पाठीशी गाव तेवढं. तिच्या गावातल्या सभेसाठी राबियाकडून खुर्च्या गेल्या. ‘ठळक पालघर’ नावाच्या यूट्यूब चॅनलचा पत्रकार मोटरसायकलवरून आला, उन्हात मांडलेल्या खुर्च्यांच्या रांगा त्याने टिपल्या आणि चहाला न थांबता पुढच्या गावाकडे निघून गेला. संध्याकाळी व्हिडिओ आला. या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकाम्या खुर्च्या, मागे रडकं संगीत, आणि वर मोठ्या अक्षरांत: ‘उमेदवार आल्या, मतदार कुठे गेले?’

मतदार कुठेही गेले नव्हते. अख्खं गाव तिथेच होतं, कॅमेऱ्याच्या पाठीमागे, आंब्याखाली, जमिनीवर मांडी ठोकून. खुर्च्या उतरवायला गेलेल्या अरशदने, राबियाच्या मुलाने, हे डोळ्यांनी पाहिलं होतं. पण पत्रकाराने आंब्याकडे कॅमेरा वळवलाच नाही, की वळवून नंतर ते कापून टाकलं, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

मग जे पेटलं ते विचारू नका. ‘आपला जव्हार-मोखाडा’ नावाच्या फेसबुक ग्रुपवर लोक रात्रंदिवस एकमेकांच्या उरावर बसले. सुनिताच्या बाजूचे म्हणायचे, मीडिया विकला गेलाय, आदिवासी बाई उभी राहिली म्हणून यांच्या पोटात दुखतंय. समोरचे म्हणायचे, माणसं खोटं बोलतील, खुर्च्या बोलत नाहीत. कुणी ठाण्याहून लिहीत होतं, कुणी वापीहून, एक जण तर थेट दुबईहून. मग सुनिताच्या एका अतिउत्साही समर्थकाने गर्दीने फुललेल्या सभेचा फोटो टाकला. तो निघाला कुठल्याशा कुस्तीच्या फडाचा, कोपऱ्यात लंगोट घातलेला पैलवान स्पष्ट दिसत होता. त्यावरून दोन दिवस नुसती टिंगल चालली.

इथवर राबियाला काहीच तोशीस नव्हती. ती फेसबुकच्या भानगडीत पडायची नाही. पण एका दीडशहाण्याने तो व्हिडिओ थांबवून खुर्चीची पाठ मोठी करून पाहिली आणि विचारलं, ‘खुर्च्या कुणाच्या आहेत? एका गावाच्या सभेला एवढ्या खुर्च्या कुणी आणि का पाठवल्या?’

आता गप्प बसेल तो अरशद कसला. पोरगं कामाला वाघ, पण फोन हातात आला की बोटांना आवर नाही. त्याने दुकानाच्या नावाच्या खात्यावरून उत्तर ठोकून दिलं: ‘आम्ही दुकानातून नेहमीच सांगितलेल्यापेक्षा जास्त खुर्च्या पाठवतो. कार्यात कमी पडू नयेत म्हणून. ही आमची पद्धत आहे.’ खरं होतं ते. अब्दुलच्या वेळेपासूनची रीत होती ती. आईची बाजू राखली म्हणून पोरगं स्वतःवर खूश होऊन झोपलं.

सकाळी त्या उत्तराभोवती लाल गोल काढून कुणीतरी ते गावभर फिरवलं होतं. वर एकच शब्द: ‘कबुली’.

गंमत म्हणजे ही कबुली दोन्ही बाजूंना हवी तशी लागू पडली. विरोधक म्हणाले, बघा, खुद्द खुर्चीवालीच सांगते की खुर्च्या होत्या आणि माणसं नव्हती. समर्थक म्हणाले, बघा, समोरच्याने पैसे चारून मुद्दाम जास्त खुर्च्या पाठवायला लावल्या, सभा रिकामी दिसावी म्हणून. एरवी ज्यांचं एका गोष्टीवर जमत नव्हतं त्या सगळ्यांचं राबियावर मात्र छान जमलं. त्यातच कुणीतरी लिहिलं, ‘पाठीवरचं नाव वाचा, म्हणजे सगळं कळेल.’

हे वाक्य अरशदने आईला वाचून दाखवायला नको होतं. राबिया झालर दुमडत बसली होती, ती तशीच थांबली. जव्हारात तिच्या सासऱ्याच्या आधीपासून त्यांचं घर होतं. नवरात्रातला मंडप ती घालायची, उरुसाचा ती घालायची, आणि कुणी तिला नाव वाचायला सांगितलं नव्हतं. तिला राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. तिला भीती वाटली, आणि आपल्याच बाजारपेठेत आपल्याला भीती वाटतेय याची लाज वाटली.

“बंद कर ते,” ती म्हणाली. “दुकानाचा फोनही बंद कर. कुणाकुणाला तोंड देऊ मी?”

फोन बंद झाला, पण तिच्या डोक्यातली भुणभुण थांबली नाही. कारण तिला जगाचं काही पडलेलं नव्हतं. तिला पडलेलं होतं ते सुनिताचं.

सुनिता कॉलेजला जव्हारात होती तेव्हा सुट्टीच्या दिवशी राबियाच्या दुकानात झालरी शिवायला यायची. हात इतका सफाईदार की अब्दुल म्हणायचा, ही पोरगी शिवते की छापते? रमजानात संध्याकाळी तिला घरी जाऊ द्यायचे नाहीत, आधी ताटावर बसवायचे. लग्न होऊन ती पोशेऱ्याला गेली तेव्हा राबियाने मंडप स्वतःच्या हाताने बांधला होता. सुनिता तिला ‘चाची’ म्हणायची आणि राबियाच्या कानाला ती हाक फार गोड लागायची. ती सुनिता आता काय समजत असेल? चाचीने पैसे घेऊन माझी सभा रिकामी दाखवली, असं तर नाही? राबियाने स्वतःच्या मोबाइलवरून तिला व्हॉट्सअॅपवर एक निरोप बोलून पाठवला होता. त्याच्यापुढे एकच बारीक करडी खूण उमटली आणि तशीच राहिली. तिला मिळाला नाही, की निरोप दिसताच तिने फोन बाजूला ठेवला, कसं कळणार?

आणि एक गोष्ट होती, जी राबिया कुणाला सांगत नव्हती. पोशेऱ्याच्या लग्नांतून परत आलेल्या खुर्च्या ती नेहमी स्वतः पुसायची. बायकांच्या बाजूच्या खुर्च्यांवर कधी हळदीचा डाग नसायचा, की पोराने सांडलेली डाळ नसायची. गेल्या तशा परत यायच्या. तिकडच्या बायका खुर्चीवर बसत नाहीत हे तिला ठाऊक होतं. सुनिताचा दीर संदीप, जो ठाण्यात नोकरीला होता आणि प्रचारासाठी गावी आला होता, तो खुर्च्या सांगायला आला तेव्हा तिच्या ओठांवर आलं होतं, बाबा, सतरंज्या ने. पण तो म्हणाला, “मावशी, शहरात होते तशी सभा झाली पाहिजे,” आणि आलेलं काम कशाला अडवा म्हणून ती गप्प बसली. आता तेवढंच तिला टोचत होतं.

शुक्रवारी दुपारी साखरशेतचा गौतम दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. त्याच्या मुलीचं, रुपीचं, लग्न रविवारी होतं आणि मंडप राबियाचा होता.

“भाभी, तुमचा फोन लागत नाय म्हणून आलो. खुर्च्या येतील ना?” तो चाचरत म्हणाला.

“का नाही येणार?”

“नाय, ग्रुपवर लिवलाय कोणी तरी. पोशेऱ्यावाल्यांनी तुमच्या खुर्च्या अडवून धरल्यात म्हणं. खुर्चीवाली मागायला येऊं दे, मंग बघू, असा.”

राबियाने त्याला चहा पाजला, खुर्च्या येतील म्हणून शब्द दिला आणि तो वळताच मटकन बसली. गोदामात उरलेल्या खुर्च्यांत रुपीचं लग्न निभणार नव्हतं. सभा होऊन आठवडा होत आला होता आणि खुर्च्या पोशेऱ्यातच होत्या. रोज उद्या जाऊ, उद्या जाऊ करत तिनेच टाळलं होतं. आता टाळायची सोय नव्हती.

“मी एकटा जातो, अम्मी,” अरशद म्हणाला.

“तू एकटा गेलास तर तिथे तोंड उघडशील,” राबिया म्हणाली. “तोंड उघडून काय होतं ते बघितलं ना आपण? गाडी काढ. मी येते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा छोटा टेम्पो मोखाड्याच्या रस्त्याला लागला. मोहाची फुलं पडायला लागली होती आणि बायका टोपल्या घेऊन झाडांखाली वाकलेल्या दिसत होत्या. एरवी या रस्त्याने जाताना राबिया खिडकीतून हात बाहेर काढून ओळखीपाळखीच्यांना हाका मारायची. आज तिने ओढणी डोक्यावरून पुढे ओढली होती आणि ती मनात बोलायचं वाक्य घोळवत होती. सुनिता, मी तुझ्या आईसारखी. नको, हे फार झालं. सुनिता, माझी पद्धत तुला माहीत आहे. हे भांडल्यासारखं वाटतं. सुनिता, माझं चुकलं. पण काय चुकलं? वळणं संपत आली तरी वाक्य काही जुळेना.

“रेंज गेली,” अरशद म्हणाला. तो असा म्हणाला की जणू आता आपला मुडदा इथेच पडणार.

सभेच्या मैदानावर टेम्पो थांबला. मैदान मोकळं होतं. आंबा होता, त्याच्या फांदीला अडकलेला बॅनरचा तुकडा होता, पण खुर्ची म्हणून औषधाला नव्हती. माणूसही दिसेना. कौलांवर ऊन तापत होतं आणि कुठेतरी कोंबडी ओरडत होती.

“बघितलंस?” अरशद कुजबुजला. “ग्रुपवर लिहिलं होतं तेच खरं निघालं.”

तेवढ्यात कुडाच्या भिंतीआडून एक म्हातारी आली. डोक्यावर मोहाची टोपली, कमरेत वाकलेली. ती नवशी, गावातली सर्वात जुनी बाई. तिने डोळ्यांवर हात धरून टेम्पोवरचं नाव पाहिलं, मग राबियाला पाहिलं, टोपली खाली ठेवली आणि अशी काही खणखणीत आरोळी ठोकली की अरशदचा हात गाडीच्या चावीवर गेला.

“खुर्चीवाली आली रंऽऽ! या रं सगली, खुर्चीवाली आलीऽऽ!”

“अम्मी, गाडी वळवू?”

राबियाची पाचावर धारण बसली होती. पण पळून जाऊन करायचं काय? परत जव्हारातच जायचं, आणि उद्या रुपीच्या मांडवात पाहुण्यांना उभं ठेवायचं. ती दार उघडून खाली उतरली. ओढणी सारखी केली आणि टेम्पोच्या दाराला धरून उभी राहिली.

आणि मग चारी बाजूंनी माणसं येताना दिसली. वरच्या घरांतून, खालच्या ओढ्याच्या बाजूने, बांधावरून. बायका, पुरुष, पोरंटोरं. आणि प्रत्येकाच्या डोक्यावर उलटी लाल खुर्ची, पाय आभाळाकडे केलेली. कुणी एकावर एक दोन घेतल्या होत्या. एक बाई कडेवर पोर आणि डोक्यावर खुर्ची घेऊन उतारावरून भराभरा येत होती, आणि पोराने खुर्चीचा एक पाय घट्ट धरून ठेवला होता.

राबिया बघतच राहिली. तिला आधी हसू आलं की रडू, हे तिला नंतरही सांगता आलं नाही.

“कवापासून वाट बघतोय तुझी,” नवशी म्हणाली. “त्या राती वारा सुटला. तुझ्या खुर्च्या पार ओढ्यापतुर पलाल्या. मंग सोम्यानं सांगतला, दुसऱ्याची चीज हाय, एकेका घरानं नेऊन ठेवा. ठेवल्या. कोनी बसला नाय हां त्यावर. धुतल्या पन.”

खुर्च्या खरंच धुतलेल्या होत्या. राबियाच्या गोदामातून जाताना नव्हत्या इतक्या स्वच्छ. लोक एकेक आणून मैदानात मांडत होते आणि तिच्याकडे पाहून हसत होते. त्या हसण्यात काहीएक वाकडं नव्हतं. तिचा जीव असा भांड्यात पडला की तिथेच जमिनीवर बसावंसं वाटलं. ज्या भांडणाने तिची झोप उडवली होती त्याचा या माणसांना पत्ताच नव्हता. डोंगरावर चढल्याशिवाय इथे रेंज नाही, आणि मोहाच्या दिवसांत भांडायला डोंगर कोण चढतो?

पण सुनिता? ती अजून दिसत नव्हती.

ती आली ती पलीकडच्या पाड्यावरून, प्रचार करून, पायीच. पायांवर धूळ, हातात पत्रकांचा गठ्ठा. राबियाला पाहताच ती थबकली. राबियाही थबकली. घोळवलेलं एकही वाक्य कामाला येईना.

“चाची,” सुनिता म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. “तू रागावलीस ना माझ्यावर? माझ्या लोकांनी तुझ्याबद्दल नाही नाही ते लिहिलं. मी रोज डोंगरावर चढून दुकानाला फोन लावत होते. रोज बंद. म्हटलं चाचीने माझं नावच टाकलं.”

“मी टाकलं?” राबिया म्हणाली. “अगं, मी तर समजत होते की तूच मला...” तिने सुनिताच्या हातातला गठ्ठा काढून घेतला. “फोन मी बंद ठेवला होता. लोकांमुळे. तुझा येत असेल हे डोक्यातच आलं नाही माझ्या. माझ्या मोबाइलवर तुला निरोपही धाडला होता.”

“माझ्या फोनचा नुसता डबा झालाय. मी संदीपचाच घेऊन चढत होते. तुझा हा नंबर त्यात नाही, दुकानाचा तेवढा पाठ आहे.”

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग हसायला लागल्या. हसता हसता राबियाच्या डोळ्यांना धार लागली. सुनिताने पदराने तिचं तोंड पुसलं, जसं लहान पोराचं पुसतात. राबियाने तिला जवळ ओढलं आणि कानात म्हणाली, “एक सांगते, ऐक. इथल्या बायका खुर्चीवर बसत नाहीत हे मला ठाऊक होतं. संदीपला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.”

“मला काय ठाऊक नव्हतं?” सुनिता म्हणाली. “मीही नाहीच बोलले. म्हटलं दीर एवढा हौसेने करतोय, करू दे.”

संदीप तिथेच उभा होता, अंगठ्याने माती उकरत. “खरा सांगू का मावशी,” तो हळूच म्हणाला, “मुद्दाम जास्त खुर्च्या मांडल्या, ह्या पयला मीच लिवला. पन मी तुमचा नाव नाय घेतला, त्या चॅनलवाल्याचा घेतला. पुढचा लोकांनी जोडला. मी डोंगरावरून उतरलो आनि तिकडं काय झाला ते मंग कळला.”

अरशदने घसा खाकरला. राबियाने त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि त्याने ओठांवर आलेलं परत गिळलं. दोन्हीकडचे वीर सारखेच शूर होते, आता कोण कोणाला बोलणार?

“काय झाला काय?” मागून आवाज आला. सुनिताचा सासरा, सोम्या, काठी टेकत आला होता. अंगात बंडी, डोक्याला टॉवेल. गावात त्याचा शब्द कुणी मोडत नसे, कारण तो शब्द फार कमी वापरायचा. “मना कोनी सांगल का? सकालपासून नुसता खुर्च्या खुर्च्या चाललाय.”

संदीपने फोनमध्ये साठवलेला तो व्हिडिओ लावून म्हाताऱ्याच्या डोळ्यांपुढे धरला. सोम्याने तो शेवटपर्यंत पाहिला. मग परत लावायला सांगितला.

“ही आपलीच सभा हाय?”

“होय, बा.”

“मंग मानसा कुठं हायत?”

“मानसा आंब्याखाली.”

“मंग आंबा का नाय दाखवला?”

दुबईपासून वापीपर्यंत एवढे लोक आठ दिवस भांडले, पण हा साधा प्रश्न असा सरळ कुणी विचारला नव्हता. मग त्याने मैदानात मांडलेल्या खुर्च्यांकडे पाहिलं आणि बायकांकडे वळला.

“त्यानं नाय दाखवला तो त्याचा पाप. पन खुर्च्या रिकाम्या व्हत्या ह्या तं खरा हाय. बसल्या का नाय तुमी?”

बायका एकमेकींच्या आड सरकल्या. शेवटी नवशीच बोलली. ती त्याच्याहून वयाने मोठी, तिला कुणाची भीडभाड नव्हती.

“तू पयला भुईवर बसलास. तुझ्यासंगती सगली म्हातारी बसली. मंग सुना वर कशा बसतील तुमच्यापरीस? आनि ही,” तिने सुनिताकडे बोट केलं, “ही तं तुझी सून. हीच भुईवर बसली, मंग आमी काय राणीवानी वर बसायचा?”

हे सगळ्यांनाच माहीत होतं. इतकं माहीत होतं की कुणी कधी बोलून दाखवलं नव्हतं. सासरा जमिनीवर असताना सून त्याच्यापेक्षा उंच बसत नाही. सभेच्या दिवशी सोम्या सवयीने सावलीला, मातीवर टेकला आणि त्याच्या त्या एका टेकण्याने सगळ्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. उमेदवार बाईंनी भाषण तेवढं उभ्याने केलं आणि संपताच पदर सावरत खाली बसल्या. त्या कॅमेऱ्यावाल्याला यातलं काय दिसणार होतं?

सोम्याने मान डोलावली. मग काठी टेकत तो सर्वात पुढच्या खुर्चीशी गेला, तिच्या पाठीवर हात ठेवून ती हलते का ते बघितलं, आणि बसला. त्याला त्याची सवय नव्हती. दोन्ही हातांनी त्याने बाजू घट्ट धरल्या, एसटीत धरतात तशा. मग शेजारच्या खुर्चीवर त्याने थाप मारली.

“सुनिता. इकडं ये. बस.”

सुनिताने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. जी बाई पाड्यापाड्यावर उभी राहून रस्त्याचं आणि पाण्याचं खडसावून विचारत होती ती मान खाली घालून उभी राहिली.

“नको बाबा. मी हिथंच बरी.”

“बस सांगतो.”

“तुमच्यासमोर कशी बसू?”

“माझ्यासमोर नाय बसलीस,” सोम्या म्हणाला, “तं उद्या मोखाड्याला साहेबासमोर कशी बसशील? तिथं खुर्चीतच बसायचा हाय तुला. आधी माझ्याकडं शिक.”

सुनिता पुढे झाली. खुर्चीच्या अगदी कडेवर टेकली, जणू ती तापलेली होती. सासऱ्याने मान वळवून पाहिलं.

“नीट बस. पाठ टेकव.”

तिने पाठ टेकवली. तिच्या पाठीमागे राबियाचं नाव झाकलं गेलं. सासरा आणि सून एका उंचीवर, शेजारी शेजारी, समोर बघत बसले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. राबियाने या तालुक्यांत किती मांडव घातले असतील, किती नवरानवरींसाठी सिंहासनं सजवली असतील, पण कुणाला खुर्चीत बसताना बघून तिचं काळीज असं कधी भरून आलं नव्हतं. इतके दिवस जी भीती तिने छातीवर वागवली ती कुठे गेली कुणास ठाऊक. उरलं होतं ते नुसतं हलकं हलकं वाटणं.

“आता काय तोंड बघत उभ्या ऱ्हायल्या?” नवशी बायकांवर ओरडली आणि स्वतः जाऊन धपकन एका खुर्चीत बसली. मग एक बसली, मग दुसरी. मग हसत, ढकलाढकली करत सगळ्याच. दोघी-तिघींनी राबियाला दंडाला धरून मधे बसवलं. आपल्याच खुर्चीत पाहुणी म्हणून बसायची तिचीही ही पहिलीच वेळ. कुणीतरी कोरा चहा आणला. सगळ्या रांगा भरल्या आणि बायका खुर्चीच्या गुळगुळीत पाठीबद्दल आणि तिच्या पायांच्या ठिसूळपणाबद्दल मोठमोठ्याने बोलायला लागल्या.

अरशदचा हात खिशाकडे गेला. फोन बाहेर आला, आणि त्याने आईकडे पाहिलं.

“काढू का? एवढं एक टाकलं ना अम्मी, तर सगळ्यांची तोंडं बंद होतील.”

राबियाने पुढच्या रांगेकडे पाहिलं. सुनिता सासऱ्याला काहीतरी सांगत होती, हातवारे करून, आणि बोलण्याच्या भरात पदर खांद्यावर घसरला होता हे तिच्या ध्यानातही नव्हतं. म्हातारा कान देऊन ऐकत होता.

“ठेव तो आत,” राबिया म्हणाली. “तू कॅमेरा धरलास की ती उठेल. बसू दे तिला.”

अरशदने फोन खिशात घातला. जरा हिरमुसलाच, पण घातला.

ऊन कलायच्या आत निघायला हवं होतं, साखरशेतला रात्रीच मांडव घालायचा होता. लोकांनी उठून आपापली खुर्ची टेम्पोपाशी आणून दिली. अरशद आणि संदीपने मिळून त्या चढवल्या, एकमेकांना न बोलता, पण एकमेकांच्या हातातलं ओझं घेत. निघताना सुनिता राबियाच्या गळ्यात पडली. उद्या रुपीच्या लग्नाला येईन, मतं मागायला नाही, जेवायला येईन, असं तिने बजावून सांगितलं. सोम्याने मात्र आपली खुर्ची दिली नाही. ती आंब्याखाली नेऊन तो तिच्यातच बसून राहिला. त्याच्या शेजारची खुर्चीही आता तिथेच होती आणि तिच्यावर पत्रकांचा गठ्ठा ठेवलेला होता, सुनिता परत येऊन बसेपर्यंत जागा धरून.

अरशदने दोरी आवळायच्या आधी खुर्च्या मोजल्या. मोजून मग परत मोजल्या आणि पुढे आईपाशी आला.

“अम्मी, दोन कमी आहेत.”

“बरोबर आहेत,” राबिया म्हणाली. “गाडी काढ.”